विश्लेषण : सिनेमात उलगडणारे सीरियल किलरचे मन न्यायालयात किती मोजले जाते?

पडद्यावरच्या सीरियल किलरला बहुतेकदा एक भूतकाळ असतो. बालपणीचा जाच, दुरावा, आईचा धाक. ‘हा असा का झाला?’ याचे उत्तर प्रेक्षकाला त्यातून मिळते. न्यायालयाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. मुंबईतील रमण राघव प्रकरणात हा फरक फाशी की जन्मठेप इथपर्यंत पोहोचला होता.

सिनेमा काय पाहतो?

सिग्मंड फ्रॉइडच्या मनोविश्लेषणानुसार माणसाच्या वागण्यामागे त्याला स्वतःलाही न कळणारी नेणीव असते. हिचकॉकच्या ‘सायको’च्या (१९६०) शेवटी मनोविकारतज्ज्ञ तेच सांगतो. नॉर्मन बेट्सने आईला मारले आणि ते ओझे सहन न झाल्याने तिला स्वतःच्या मनात जिवंत ठेवले. अनुराग कश्यपच्या ‘रमन राघव २.०’मध्ये (२०१६) तर खुन्याला पोलीस अधिकाऱ्यातच आपला जोडीदार दिसतो.

कायदा काय पाहतो?

पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्या क्षणी आरोपीला कळणेच शक्य नसेल, तरच तो सुटतो. हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. केवळ आजाराचे निदान पुरत नाही. नेणिवेतले कारण बचाव म्हणून मान्य केले, तर कोणालाच जबाबदार धरता येणार नाही.

रमण राघवचे काय झाले?

१९६०च्या दशकात त्याने झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या गरिबांचे खून केले. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याला अटक झाली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले आणि जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान केले. पुढे फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो मरण पावला. आजारामुळे तो निर्दोष ठरला नाही, फक्त फासावरून वाचला.

आता काय बदलले?

मानसिक आजार हे फाशीची जन्मठेप करण्याचे कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सांगितले. २०२२ मध्ये मनोज प्रकरणात, फाशीचा विचार करताना आरोपीचे मानसिक मूल्यमापन पाहण्याचे निर्देश दिले. म्हणजे सिनेमातला ‘का?’ न्यायालयातही विचारला जातो, पण दोष सिद्ध झाल्यानंतर, शिक्षा ठरवताना.