आवाज गेला म्हणजे लॅपटॉप गेला?

"आवाज येत नाही ना? मग द्या तो भंगारात, नवीन घ्या!" आमच्या घराण्यातली तरुण मंडळी हा सल्ला हल्ली फार सढळ हाताने देतात. म्हणून आजची पोस्ट त्यांच्यासाठी, आणि जुना लिनक्सवाला लॅपटॉप सांभाळून असलेल्या माझ्या समवयस्कांसाठी.

माझं मत सरळ आहे. जुना लॅपटॉप मुका झाला तर तो पुष्कळदा बिघडलेला नसतोच. आवाजाच्या वाटेतलं एखादं दार लोटलेलं असतं, एवढंच.

ही वाट तीन पायऱ्यांची आहे. खाली साउंड कार्ड आणि त्याच्याशी बोलणारा अल्सा. डिसेंबर २००३ मधल्या कर्नेल २.६ पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याच्या वर पल्सऑडिओ, किंवा नव्या आवृत्त्यांत पाइपवायर (फेडोरात २०२१ पासून, उबुंटूत २०२२ पासून). सगळ्यांत वर आपला ब्राउझर. गंमत म्हणजे प्रत्येक पायरीवर आवाजाचं बटण वेगळं! वर शंभर टक्के दिसतं आणि खाली सगळं बंद असू शकतं.

म्हणून खालून सुरुवात करावी. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ ६ दाबून खरं कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती मुकी आहे; एम दाबलं की बोलू लागते. एफ ४ दाबलं की माइकच्या पट्ट्या दिसतात. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये पाहा, आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे न जोडलेल्या टीव्हीकडे, तर जात नाही ना? शेवटी पाच सेकंद स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. तो नीट आला तर यंत्र ठणठणीत आहे. ब्राउझरला माइकची परवानगी तेवढी द्यायची राहिली आहे.

आणखी एक. जुन्या लॅपटॉपना हेडफोन आणि माइकसाठी बहुधा दोन वेगळी भोकं असतात. मोबाइलच्या इयरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. ती तिथे घातली की ऐकू येतं, पण माइक चालत नाही. त्याला स्प्लिटर लागतो, नवा लॅपटॉप नव्हे. चिपच खरोखर गेली असेल, तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं.

वर्गात एखादं मूल गप्प बसलं की त्याला 'ढ' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. त्याला ऐकू येतं का, फळा दिसतो का, हे विचारायला वेळ द्यावा लागतो. यंत्राचंही तेच.

"तुमचा आवाज येत नाही, आजोबा" म्हणून बंद झालेला कॉल कित्येक घरांत महिनोन् महिने बंदच राहतो. नवीन घेणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि पुन्हापुन्हा विचारायचा संकोच वाटतो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावी याल तेव्हा अर्धा तास त्या लॅपटॉपसमोर बसा, आणि या पायऱ्या मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ठेवून जा.