गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात प्रश्न विचारायची भीती नको




२० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी देह ठेवला. त्यामुळे पुण्यतिथी आली की आमच्या भागात खराटे निघतात, फोटो छापून येतात. चांगलंच आहे. पण बाबांच्या हातात खराटा होता तसा त्यांच्या तोंडी प्रश्न होता, तो आपण विसरलो. त्यांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडीतली सवालजवाबाची बैठक असायची. कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही, असं ते समोरच्याला विचारत आणि कधी शाळेची पायरी न चढलेला माणूसही भर सभेत उत्तर देई. त्याच्या बोलीला कोणी हसत नसे, कारण विचारणाऱ्याची बोलीही तीच होती.

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेलं अमरावती विद्यापीठ आज बाबांच्या नावाने ओळखलं जातं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली मुलं त्याच्या छत्राखाली एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करतात. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. घराच्या वरच्या खोल्या भाड्याने देतो. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातली एक मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी इथे राहायला होती. कॉलेजचं नाव घेत नाही. तिची मायबोली कोरकू. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीची दूरचीही नातलग नाही. म्हणजे मराठी तिला शिकावी लागली आणि पुस्तकं इंग्रजीत. वर्गात बोलताना ‘तो-ती-ते’ चुकलं की मागून हसू यायचं. मग तिने वर्गात विचारणंच सोडलं. प्रश्न वहीच्या मागच्या पानांवर लिहून आणायची आणि संध्याकाळी मला विचारायची. मला त्यातलं काय कळणार? दुसऱ्या सत्रात ती गावी गेली ती परत आली नाही. कॉलेजातून कोणी चौकशी केल्याचं मला तरी आठवत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : ‘पदव्युत्तरची पोरं मोठी झालेली असतात, त्यांना काय गोंजारायचं? गुणवत्ता असेल तो टिकेल.’ मला हे पटत नाही. बी.ए.पर्यंत गाईड पाठ करून निभतं. पुढे संशोधनात मुख्य भांडवल प्रश्नाचंच. ज्याला वर्गात प्रश्न विचारायची धास्ती वाटते, तो मार्गदर्शकासमोर आपलं म्हणणं काय मांडणार? त्यामुळे विभागात आपलेपणा वाटणं हा दयेचा विषय मानू नये. गुणवत्तेचीच ती पहिली पायरी आहे. ती चुकली तर किती महाग पडतं, हे २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुलाच्या आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवीच्या, जातिभेदाच्या आरोपांनी गाजलेल्या मृत्यूंनी देशाला दाखवलं. दोघेही पदवीच्या पुढचं शिकत होते.

असा आपलेपणा देणारी उदाहरणं आपल्या मातीतच आहेत. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. मूल शिकायचं तर आधी त्याला हक्काचं छप्पर लागतं, हे या माणसांना कळत होतं.

नियमांचीही वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमांत महिला संशोधकांना मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. पण धारणीहून आलेल्या मुलीला त्या भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव कोण सांगणार?

म्हणून विद्यापीठाकडे आणि संलग्न महाविद्यालयांकडे चार मागण्या आहेत. एक, प्रत्येक पदव्युत्तर विभागाच्या दारावर या अधिकाऱ्याचं नाव व फोन नंबर मराठीत लावावा. दोन, नवीन विद्यार्थ्याला त्याच्याच भागातून आलेला एक सीनियर पहिल्या सत्रभर सोबतीला द्यावा. मेस, खोली, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रंथालयाचं कार्ड अशा साध्या गोष्टींतच नवा पोरगा खचतो. तीन, वर्गात आणि सेमिनारमध्ये मराठीत, वऱ्हाडीत प्रश्न विचारायची उघड मुभा असावी. इंग्रजी शिकवाच, पण हसून शिकवू नका. चार, किती प्रवेश झाले याची जाहिरात आपण दरवर्षी वाचतो. किती जण मधेच सोडून गेले आणि का गेले, हेही प्रत्येक विभागाने वर्षाअखेर जाहीर करावं.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. चौथीला थोडं धैर्य लागेल, कारण आकडा बाहेर आला की उत्तर द्यावं लागतं. परतवाड्याकडची एसटी आमच्या वलगावातूनच अमरावतीला जाते. मेळघाटातली पोरं ट्रंका घेऊन जाताना आम्हाला दिसतात. त्यातली किती तशीच परत येतात, हे मोजायचं काम निदान विद्यापीठाने तरी करावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
वलगाव, जि. अमरावती