कळा सोसणाऱ्या आईला धाक नको, धीर द्या!

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या. त्या काळात शरीरात किती उलथापालथ होते, हे आज विज्ञानानेही दाखवले आहे. कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक गरोदरपणाच्या अखेरीस वाढलेलेच असते. कळा सुरू झाल्या की ते आणखी चढते आणि प्रसूतीनंतर उतरू लागते. हा निसर्गाचा क्रम आहे. धोका आहे तो भीतीचा. भेदरलेल्या बाईच्या रक्तात अॅड्रेनलिन उसळले की गर्भाशयाकडे जाणारे रक्त घटते, कळा मंदावू शकतात आणि प्रसूती लांबते.

म्हणूनच प्रसूतिकक्षात बाईवर ओरडणे, तिची जात काढणे, पोरांच्या संख्येवरून तिला हिणवणे, याला आम्ही नुसता उद्धटपणा मानत नाही. आई आणि बाळ या दोघांच्या प्रकृतीशी केलेला हा खेळ आहे.

कोल्हापूरला तर हे नव्याने सांगावे लागू नये. याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढला, की सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णांना इतरांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा! पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती.

उपाय खर्चिक नाही. धीर देणारे कोणी सतत सोबत असेल तर प्रसूती लवकर होते, सिझेरियनही कमी होतात, असे १७ देशांतील २६ अभ्यासांच्या २०१७ सालच्या आढाव्यात दिसून आले. केंद्र सरकारने तर २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी घरची अनुभवी बाई सोबत ठेवण्यास परवानगी दिली आहे. आमचा सवाल आहे, ही परवानगी आपल्या वस्त्यांतील किती लेकीसुनांना माहीत आहे?

वस्तीवस्तीतील महिला मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: सोबतीण आत घेता का? खाटेला पडदा आहे का? परिचारिका पुरेशा आहेत का? कामाच्या ओझ्याने पिचलेल्या परिचारिकेसाठीही आपणच आवाज उठवला पाहिजे. शाहूंच्या नगरीत एकाही आईने भीतीच्या छायेत बाळंत होऊ नये, एवढी आमची मागणी आहे.