चोरीची यादी आणि सरकारचा कर

बीडहून आमच्या एका जुन्या वर्गणीदारांचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी तीन भावांचा संसार एकत्र असून रात्रीच्या पंगतीस बारा-पंधरा पाने मांडली जातात. थोरले बंधू निवृत्त वकील. धाकट्यांचे चिरंजीव पुण्यास हिशेबतपासनीस. परदेशी बँकांतून चोरून आणलेल्या खातेदारांच्या याद्या सरकारने हाती घ्याव्यात की नाही, यावरून काका-पुतण्यांत असा वाद जुंपला, की ताटातील वरणभात निवून गेला. काकांचे म्हणणे, चोरीचा माल घेणारा राजा असला तरी तो चोराचा भागीदारच. पुतण्याचे म्हणणे, ज्याने कर बुडविला त्याने चोरीची फिर्याद कोणत्या तोंडाने करावी? या वादात आमचे मत विचारले आहे.

प्रथम हकीकत सांगणे अवश्य आहे. युरोपात लिश्टेनश्टाईन नावाचे एक चिमुकले संस्थान आहे. बीड जिल्ह्याच्या पासष्टाव्या हिश्श्याहूनही ते लहान. तेथील एल. जी. टी. बँकेतील एका नोकराने खातेदारांची माहिती पळविली व जर्मनीच्या हेरखात्यास ती काही दशलक्ष युरोंना विकली. 2008 च्या फेब्रुवारीत जर्मनीत धाडी पडल्या. त्यातील भारतीयांची नावे जर्मनीने 2009 मध्ये आपल्या सरकारास दिली. दुसरी यादी याहून मोठी. जिनीव्हाच्या एच. एस. बी. सी. बँकेतील हर्व्हे फाल्सियानी नामक यंत्रज्ञाने नेलेली माहिती फ्रान्सच्या हाती लागली आणि तीतील 628 भारतीय नोंदी 2011 मध्ये आपल्याकडे आल्या. या यादीच्या आधारे पुढे 8,000 कोटी रुपयांहून अधिक दडविलेले उत्पन्न करआकारणीखाली आणल्याचे सरकारने सांगितले आहे.

आता वकीलकाकांच्या आक्षेपाकडे वळू. आक्षेप पोकळ नाही. खुद्द फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, चोरीच्या कागदावरून घरझडती घेता येणार नाही असे ठरविले होते. तेव्हा 2013 च्या अखेरीस तेथील विधिमंडळास कायदा बदलावा लागला. आपल्याकडे मात्र 1973 च्या डिसेंबरातच पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता, की झडती बेकायदेशीर ठरली तरी तीत सापडलेला पुरावा तेवढ्यानेच त्याज्य होत नाही. वकीलकाकांस हा निवाडा ठाऊक असणारच. पंगतीत तो त्यांनी सांगितला नाही, एवढेच!

यापेक्षाही सूक्ष्म विवेक स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने केला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्या देशाने 1934 च्या कायद्याने बँकेतील गुपित फोडणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि फाल्सियानीस 2015 मध्ये त्याच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षाही ठोठावली. ‘चोरीच्या यादीवरून माहिती मागाल तर मिळणार नाही’ असे तो देश आपणांस वर्षानुवर्षे सांगत होता. परंतु 2018 च्या जुलैत तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भारताने ही यादी विकत घेतलेली नाही, ती त्यास दुसऱ्या राज्याकडून मिळाली. सबब भारताची मागणी अप्रामाणिक नव्हे. चोराशी सौदा करणे निराळे आणि आपल्या दारी आलेली खबर तपासून पाहणे निराळे, हा तो भेद.

आणि खबर देणाऱ्यास बक्षीस देण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडूनच आली असे कोणी समजू नये. राजाचे द्रव्य कोणी गिळले हे कळविणाऱ्या सूचकास, आरोप सिद्ध झाल्यास, त्या द्रव्याचा सहावा हिस्सा द्यावा आणि तो सूचक नोकर असल्यास बारावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात घालून दिले आहे. मात्र आरोप सिद्ध न झाल्यास त्याच सूचकास दंड सांगितला आहे, आणि त्यात दयामाया नाही. 2018 मध्ये आपल्या आयकर खात्याने परदेशी दडविलेल्या संपत्तीची खबर देणाऱ्यास 5 कोटी रुपयांपर्यंत बक्षीस जाहीर केले. कौटिल्याचे पूर्वार्ध घेतले. उत्तरार्धाचे स्मरणही तितकेच ठेवले पाहिजे.

कारण यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. 2014 च्या एप्रिलात सरकारने सर्वोच्च न्यायालयास लिश्टेनश्टाईनच्या यादीतील 26 नावे दिली; त्यांपैकी 8 जणांविरुद्ध काही आढळले नाही, असे सरकारनेच सांगितले. एच. एस. बी. सी. च्या 628 नोंदींपैकी 289 खात्यांत काहीच रक्कम दिसत नव्हती आणि 122 नावे दोनदा आली होती, असे विशेष तपास पथकास आढळले. ही यादी पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रांत छापली असती, तर या निरपराधांच्या घरच्या मुलीबाळींची लग्ने जुळणे कठीण झाले असते. लोकापवादास अपील नसते. ज्यांच्यावर अपराध ठरलेला नाही त्यांची नावे उघड करू नयेत, असे 2011 च्या निर्णयात आपल्या न्यायालयाने म्हटले, ते यासाठीच. आमचे मत विचाराल तर, यादी ही शिकारी कुत्र्यास दिलेल्या वासाच्या चिंधीसारखी आहे. वास घ्यावा, माग काढावा. पण पकडल्यावर पुरावा आपल्या शोधाचा हवा.

वासाचीही गरज का पडावी, असे काका विचारतील. समुद्रापार गेलेला पैसा परत आणणे किती दुर्घट असते, याचे उदाहरण बीडकरांस दूर शोधावयास नको. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान शरण आले आणि 20 तारखेस लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील संस्थानच्या नावाचे 10 लाख 7 हजार 940 पौंड 9 शिलिंग पाकिस्तानच्या हायकमिशनरांच्या खात्यावर वळविले गेले. संस्थानच्या तिजोरीत इतर जिल्ह्यांप्रमाणे बीडचाही शेतसारा जात होता. आठवडाभरात निजामाने ती रक्कम परत मागितली. कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे, किती, हे साऱ्या जगास ठाऊक; लपविलेले काहीच नाही. तरी 1957 मध्ये लॉर्ड्स सभेत परराज्याच्या सार्वभौम संरक्षणाच्या मुद्द्यावर दावा अडला आणि निकाल लागला तो 2 ऑक्टोबर 2019 रोजी, भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने. रक्कम व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. मधली 71 वर्षे कोणी भरून द्यावी? जेथे खाते उघड होते तेथे ही गत; मग ज्या खात्यास नाव नाही, केवळ आकडा आहे, त्याचा ठाव कारकुनाने फितुरी केल्यावाचून कोणास लागावा?

शाळामास्तरांच्या पगारातून कर हाती येण्यापूर्वीच कापला जातो; ज्यास परदेशी खाते उघडता येते त्याच्याकडूनच तो मागावा लागतो. पुतण्याच्या रागाचे मूळ येथे आहे आणि तो राग आम्हांस न्याय्य वाटतो. 2015 च्या कायद्याने अशांस 30 सप्टेंबरपर्यंत संधी दिली. 60 टक्के देऊन मोकळे व्हा असे सांगितले. पुढे आले अवघे 648 जण, 4,164 कोटी रुपये घेऊन.

2019 च्या सप्टेंबरपासून स्वित्झर्लंड भारतीयांच्या खात्यांची माहिती कराराने, दरवर्षी, आपण होऊन देऊ लागला आहे. त्यामुळे नव्या फाल्सियानीची वाट पाहण्याचे कारण पुष्कळ कमी झाले. तथापि त्या कराराच्या कक्षेत बँकेतील शिल्लक व रोखे येतात. परदेशात घेतलेली घरे व जमिनी येत नाहीत.