गरजू, होतकरू आणि जक्कय

जून महिना लागला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर छोट्या छोट्या चौकटी दिसू लागतात. गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप. गरजू, होतकरू व निर्व्यसनी मुलांसाठी वसतिगृह. नुसतं गरजू असून भागत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला गुणपत्रिका जोडायची, तिच्याखाली चांगल्या वर्तणुकीचा दाखला, आणि त्यावर कुणातरी प्रतिष्ठित माणसाची सही. यात देणाऱ्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. कष्टाचा पैसा सत्कारणी लागावा असं कुणालाही वाटतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शिक्षण निधीचा अर्जही याच नमुन्याचा आहे, आणि त्यातला एक रकाना पाळकांच्या शिफारशीचा असतो.

अडचण एवढीच, की दर रविवारी ज्या कृपेची गाणी आम्ही गातो, ती या अर्जात बसत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय तर गरजूही नव्हता आणि होतकरूही नव्हता.

त्याची गोष्ट 19व्या अध्यायात जेमतेम दहा ओव्यांत उरकते. गाव यरीहो. यार्देन नदी ओलांडून यरुशलेमकडे चढणाऱ्या वाटेवरचं, बलसामच्या बागांसाठी नावाजलेलं, पैसेवालं गाव. जक्कय तिथला मुख्य जकातदार. जकात नाक्यावर ज्यांनी कधी ट्रक घेऊन रांग लावली आहे, त्यांना हे पद फार समजावून सांगायला नको. त्या काळी वसुली ठेक्यानं चाले. सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि वर जे सुटेल ते आपलं. वर किती सुटावं हे नाक्यावरचा माणूस ठरवणार. त्यातून हा पैसा परक्या सत्तेच्या पदरात पडणारा. गावानं त्याला वाळीत टाकल्यासारखं वागवलं, तर नवल नाही.

हा बुटका श्रीमंत माणूस येशूला पाहायला झाडावर चढला. झाड आपल्या उंबराच्याच जातकुळीतलं, बुंध्याजवळून फांद्या फुटलेलं, चढायला सोपं. आतापर्यंतची गोष्ट रविवारच्या शाळेतली मुलंही सांगतात. मला थांबावंसं वाटतं ते यापुढच्या क्रमापाशी. येशू झाडाखाली येतो, नावानं हाक मारतो आणि लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, असं सांगतो. धंदा सोडतोस का, किती खाल्लेस, परत कधी देणार, यातलं एक अक्षर विचारत नाही. आधी घरी जातो. गर्दी कुरकुरते, आणि माझ्या मते ती कुरकुर अगदी वाजवी आहे. त्या गर्दीत असे कितीतरी असतील की ज्यांच्या पोत्यामागे या माणसानं जास्तीचे पैसे उकळले होते. गावात एवढी सरळ माणसं असताना जेवायला याच्याकडे?

पश्चात्ताप येतो तो यानंतर. जक्कय उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत.

हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. समजा, त्याच्याकडे ऐंशी हजार होते. निम्मे गरिबांना दिले, उरले चाळीस. लबाडीचे दहा हजार असतील, तर चौपटीनं झाले चाळीस. पाटी कोरी. म्हणजे कमाईत लबाडीचा वाटा एक अष्टमांशाच्या वर गेला, की जक्कय कर्जबाजारी. मुख्य जकातदाराच्या कमाईत लबाडी एक अष्टमांशाच्या आत होती, असं मानायला माझं मन धजत नाही. शिवाय एवढं द्यायला कुणी त्याला भाग पाडलं नव्हतं. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, आपण होऊन गुन्हा कबूल करणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. दहा हजारांचे बारा हजार दिले की सुटला. चौपटीचा दर मेंढरू चोरून कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा. जक्कयानं कबूल करणाऱ्याची सवलत नाकारली आणि स्वतःला मेंढरूचोराचं कलम लावून घेतलं. याच्या आधीच्याच अध्यायात एका श्रीमंत अधिकाऱ्याला येशू सगळं विकून गरिबांना दे असं सांगतो, आणि तो खिन्न होतो. ज्याला सांगितलं त्याला ते जड गेलं. ज्याला काहीच सांगितलं नव्हतं, त्यानं तिजोरी उघडली.

कृपा फुकट असते, हे आमच्याकडे व्यासपीठावरून फार ऐकू येतं. ती मिळाल्यावर वही उघडावी लागते, हे त्या मानानं कमी. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मटण सोडणारी, चहा सोडणारी, अगदी मोबाइल सोडणारी माणसं मला माहीत आहेत. भाडेकरू घर सोडून जाताना रंगकामाच्या नावाखाली कापून घेतलेली अनामत या काळात कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही. पन्नास हजारांतून वीस कापले असतील, तर नियमशास्त्राच्या दरानं चोवीस हजार होतात. जक्कयाच्या दरानं ऐंशी. कामवाल्या मावशींचे कापलेले खाडे, गावाकडच्या बहिणीकडून कोऱ्या कागदावर घेतलेलं हक्कसोडपत्र, हेही त्याच वहीत यायला हवं. मिशनच्या जमिनींवरून आमच्यातच चाललेल्या खटल्यांबद्दल तर न बोललेलं बरं. उपासनेत रडू येणं खोटं असतं असं नाही. पण जक्कय रडला असं लूक कुठेही म्हणत नाही. त्यानं आकडे सांगितले.

आता हाच क्रम, म्हणजे आधी घरी आणि मग हिशोब, महाराष्ट्रात कुणी उभ्या आयुष्यानं वाचला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. त्यांचं कौतुक आपण चाळणी लावून करतो. विधवांची शाळा, स्त्रीशिक्षण, संस्कृतचं पांडित्य हे चाळणीवर राहतं, आणि ख्रिस्ती होणं खाली पडतं, जणू थोर बाईंच्या हातून झालेली एक चूक. आमचे ख्रिस्ती लोक उलटी चाळणी लावतात. त्यांना बाप्तिस्म्याची तारीख पाठ असते, 29 सप्टेंबर 1883, इंग्लंडातल्या वाँटेज इथे, मुलगी मनोरमेसह. पण बाईंनी त्यानंतर काय काय प्रश्न विचारले, हे ऐकायची तयारी नसते.

त्या तिकडे वळल्या कशामुळे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेलं. ज्यांना समाज पतित म्हणून हाकलतो, अशा बायकांसाठी तिथे काम चाले. त्यांतल्या काही जणी आता दुसऱ्या दुःखी बायकांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कुणी दार उघडतं, हेच त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. यामागचं कारण त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ही बाईही होतकरू नव्हे. पाच नवरे झालेले, आणि सध्या जो घरात आहे तो नवरा नाही. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, म्हणजे देण्याआधी तिच्याकडून घेतो. पुढे बोलणं उपासनेवर येतं, तेव्हा तो म्हणतो की ती या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही. माझा असा कयास आहे की रमाबाईंना हे वाक्य इतर कुणापेक्षा जास्त लागलं असणार. त्यांचं बालपण या तीर्थावरून त्या तीर्थावर चालण्यात गेलं होतं. वडील अनंतशास्त्री पुराणं सांगत, मिळेल त्यावर कुटुंब गुजराण करी आणि दानधर्मही करी. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. एवढी वाट चाललेल्या बाईला कुणीतरी सांगत होतं की चालत कुठे जायची गरज नाही, तो विहिरीपाशी आलेला आहे.

तरीही गंमत बघा. बाप्तिस्मा होऊन काही वर्षं लोटल्यावर रमाबाईंना वाटू लागलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. 1891च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या एका चर्चचा पाळक. 1851मध्ये व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता त्याचं स्वतःचंच मन पालटलं, आणि आपला पाळक पालटला म्हणून समोरची माणसं ओरडू लागली. त्याचा अनुभव वाचून रमाबाईंना आपली उणीव कळली. प्रकांड पंडिता, चारचौघांत बाप्तिस्मा घेतलेली बाई, पुण्यात संस्था चालवणारी, आणि म्हणते काय, तर मूळ गोष्ट अजून हाती लागलेली नाही! हे छापून सांगायला फार धैर्य लागतं. आमच्यातले पिढीजात ख्रिस्ती हे पान भरभर उलटतात, कारण पुढचा प्रश्न आपल्यावरच येतो.

1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, अनाथ, वाटेत दलालांच्या हाती पडू शकणाऱ्या मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. गुजरातेतल्या 1900च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांचा आकडा दीड हजाराच्या वर गेला. विणकाम, तेलघाणी, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. नियमित पैसा देणारा आश्रयदाता नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरप्रमाणे प्रार्थना करायची आणि येईल त्यावर चालवायचं, अशी पद्धत. आणि याच आवारात ज्यांना कुणीही दारात उभं करत नव्हतं, अशा बायकांसाठी वेगळं घर बांधलं. त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅम त्या विसरल्या नव्हत्या.

रमाबाईंवर लिहिणं बहुधा इथे संपतं. मला मात्र पुढचं बोलल्याशिवाय राहवत नाही. रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेला, म्हणजे शारदा सदनाला, पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळानं ती शाळा धर्मप्रचारापासून अलिप्त राहील असं ठरवलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, काही ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर दिसल्या, आणि 1893मध्ये वादळ उठलं. 'केसरी'नं झोडपलं. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. माझं दार उघडं असतं, मी कुणाला बोलावत नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती, आणि ती खोटी होती असं मला वाटत नाही. केडगावला मात्र आडपडदा नव्हता. ते उघड ख्रिस्ती मिशन होतं, आणि दुष्काळातून आलेल्या असंख्य मुली तिथे ख्रिस्ती झाल्या. 1905मध्ये तिथे जागृतीची मोठी लाट आली. मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडत, पापं कबूल करत. आमच्याकडे हा इतिहास अभिमानानं सांगतात.

जक्कयाकडे घर होतं, पैसा होता, दार लावून घ्यायची सोय होती. आज जमणार नाही, असं तो म्हणू शकला असता. शोमरोनी बाई घागर उचलून चालू पडू शकली असती. उपासमारीतून उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या मुलीजवळ यातलं काय होतं? जेवण, अंथरूण, अक्षरं आणि प्रार्थना, सगळं एकाच हातून येत असेल, तर त्यातली एक गोष्ट नको, असं ती कोणत्या बळावर म्हणणार? त्या मुली वाचल्या, शिकल्या, कुणी मास्तरीण झाली, कुणी खिळे जुळवून मराठी बायबल छापलं. रमाबाई नसत्या तर त्यांतल्या बऱ्याच जणी मेल्या असत्या, हे अगदी खरं. पण म्हणून प्रश्न विचारायचाच नाही असं होत नाही, आणि तो नेहमी विरोधकांनीच विचारावा हे आम्हाला शोभत नाही.

तो विचारायला सर्वांत योग्य माणूस खुद्द रमाबाईच होत्या. इंग्लंडात त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन त्यांना चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य कर म्हणून पत्रांमागून पत्रं लिहीत होत्या. त्यांच्याच आश्रयाला राहणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या, पदरी लहान मूल असलेल्या या पंचविशीतल्या बाईनं त्यांना सडेतोड उत्तरं धाडली. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं चढवून घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. ही पत्रं लिहिणाऱ्या रमाबाईंची केडगावच्या रमाबाईंशी गाठ घालून द्यायला मला फार आवडलं असतं.