"सर, हे दिवाळीतच काहून नाही सांगितलं?"

1 मेची सकाळ. झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, खाऊ घेऊन मुलं पांगली. मी टेबलावरचे कागद आवरत होतो तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीचे वडील दाराशी येऊन उभे राहिले. हातात घडी केलेलं निकालपत्रक. म्हणाले, "सर, हे गणितात 'ड' म्हणजे काय हो?"

मी सांगितलं, 33 ते 40 टक्क्यांच्या मधली श्रेणी.

"म्हंजे तिले काय येत नाही?"

म्हटलं, अपूर्णांक कच्चे आहेत. बेरीज कशीबशी जमते, भागाकार जमत नाही. त्यामुळे पुढे शेकडेवारी, समीकरणं, व्याज, सगळंच अडतं.

"कधीपासून?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "पहिल्या सत्रापासून."

ते थोडा वेळ गप्प राहिले. राग नव्हता चेहऱ्यावर. एवढंच म्हणाले, "मंग सर, हे दिवाळीतच काहून नाही सांगितलं? काही तरी केलं असतं आमी."

शिक्षक मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप जूनपासून खालपर्यंत चाळला. आधार कार्ड अपडेट करा. बँक पासबुकाची झेरॉक्स पाठवा. उद्या सुट्टी आहे. वृक्षारोपणाचे फोटो, प्रभातफेरीचे फोटो, पुन्हा आधार कार्ड. वर्षभरात आम्ही पालकांकडून कागद मागितले आणि त्यांना फोटो दाखवले. त्यांचं लेकरू या आठवड्यात काय शिकलं, हे सांगणारा एकही मेसेज सापडला नाही. पालकसभा दोन झाल्या होत्या. एकीत गणवेश आणि उपस्थिती, दुसरीत स्नेहसंमेलनाचा खर्च. शिकण्याचा विषय दोन्हीकडे निघाला नव्हता.

हे उपकार नाहीत, कामच आहे

आपण पालकांना माहिती देणं ही जादा हौस समजतो. वेळ मिळाला तर करू, असं. पण 2009 चा शिक्षण हक्क कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याचं कलम 24 काढून पाहा. शिक्षकाची कर्तव्यं तिथे दिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं ही आपल्याला पाठ आहेत. त्याच यादीत पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती कळवणं हेही आहे. म्हणजे खडू-फळ्याइतकंच ते आपलं काम आहे.

त्याच कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. समिती सगळीकडे आहे, रजिस्टर आहे, सह्या आहेत. पण बैठकीत चर्चा कशाची होते? खोलीचं छत, पाण्याची टाकी, पोषण आहाराचा तांदूळ. हेही विषय महत्त्वाचेच. पण सहावीच्या मुलांना दशांश अपूर्णांक समजले का, हे विचारायचं कुणी? विचारायला आधी ठाऊक तर हवं की सध्या वर्गात दशांश अपूर्णांक चालू आहेत!

सहावी ते आठवीतच का?

पहिली-दुसरीच्या आई-बापाला न सांगताही बरंच कळतं. लेकरू दुकानाची पाटी वाचतं, पाढे घोकतं, घरात ऐकू येतं. अलीकडे पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' अभियानात माता-पालकांचे गटही झाले. दहावीचं तर सगळं गावच बघतं. मधली तीन वर्षं मात्र अंधारात जातात. मूल मोठं झालेलं असतं, घरी फारसं बोलत नाही. विषय वाढतात, शिक्षक वाढतात. पालकाला वाटतं, आता हे आपल्या आवाक्याबाहेर गेलं. आणि नेमकं याच वर्षांत मूल मागे पडत असतं.

त्यात आता आठवीची परीक्षाही बदलली आहे. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू झाली. पास झालं नाही तर पुरवणी परीक्षा, तीही जमली नाही तर त्याच वर्गात. आपल्या भागात मुलगी आठवीत अडकली की पुढे काय होतं, हे मी सांगायला नको. "शिकण्यात काही डोकं नाही तिचं" असं एकदा घरात ठरलं, की वही बंद व्हायला वेळ लागत नाही. म्हणून उशिरा मिळालेली माहिती आणि न मिळालेली माहिती यांत मला फारसा फरक वाटत नाही.

डायरी कुणाकडे आहे?

डोणगावातून रोज सकाळी पिवळ्या गाड्या भरून मुलं इंग्रजी शाळांत जातात. त्या पालकांना मी विचारत असतो, तिकडे काय वेगळं आहे? उत्तर बहुतेक वेळा एकच, "तिकडं डायरी असते सर. रोज लिहून येते." डायरीत गृहपाठाची एक ओळ असते, दुसरं काही नाही. पण त्या एका ओळीने पालकाला वाटतं, शाळा आपल्याशी बोलते. आपल्याकडे चांगलं शिकवणारे शिक्षक आहेत, पण आपण शिकवलेलं भिंतीबाहेर जात नाही. पट कमी होतो म्हणून आपण हळहळतो, तेव्हा याचाही विचार करायला हवा.

पाठ्यपुस्तकांचाच अनुभव घ्या. 2023-24 पासून पुस्तकं चार भागांत आली आणि त्यांत 'माझी नोंद' अशी कोरी पानं आली. काही मुलांनी ती छान वापरली, पुष्कळांची कोरीच राहिली. 2025-26 पासून ती पानं रद्दही झाली. मुलाने आज काय शिकलं ते लिहावं, हा विचार चांगलाच होता. पण ते लिहिलेलं वाचणार कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं. वाचणारा नसला की लिहिणाराही थांबतो.

मी काय करतो

त्या 1 मे नंतरच्या जूनपासून मी एक साधी गोष्ट सुरू केली. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटची वीस मिनिटं आठवड्याच्या चिठ्ठीसाठी ठेवली. या आठवड्यात काय शिकलो, हे आधी मुलं तोंडी सांगतात, मी फळ्यावर मांडतो, मुलं वहीच्या मागच्या पानांवर उतरवतात. सातवीची एक चिठ्ठी नमुना म्हणून देतो:

*गणित: समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण शिकलो. घरी विचारा: 8 मजूर एक शेत 6 दिवसांत सोंगतात, तर 12 मजुरांना किती दिवस लागतील? कसं काढलं तेही विचारा.*
*विज्ञान: वनस्पतींची मुळं पाहिली. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींचा काय उपयोग, ते विचारा.*
*मराठी: ऐकलेल्या प्रसंगावर दहा ओळी लिहिल्या. त्या वाचून दाखवायला सांगा.*
*अजून जमलं नाही: व्यस्त प्रमाणाची शाब्दिक उदाहरणं. सोमवारी पुन्हा घेऊ.*
*पुढच्या आठवड्यात: बँक व सरळव्याज.*

बस, एवढंच. हाच मजकूर मी संध्याकाळी आठच्या सुमारास, माणसं शेतातून आल्यावर, ग्रुपवर टाकतो, आणि सोबत माझ्या आवाजात मिनिटभराचा निरोप. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा रिचार्ज संपलंय, त्यांच्यासाठी मुलाची वही आहेच. मुलाने घरात कुणाला तरी चिठ्ठी वाचून दाखवायची आणि खाली लिहायचं, कुणाला दाखवली, ते काय म्हणाले. आई, आजी, मामा, कुणीही चालेल.

आक्षेप मलाही माहीत आहेत

पहिला आक्षेप: आधीच ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, त्यात हे नवीन. मान्य. म्हणूनच याचा कुठलाही अहवाल वर जाऊ नये, याचं रजिस्टर होऊ नये. जिथे ही गोष्ट तपासणीच्या नमुन्यात बसेल, तिथे ती मेली समजा. वीस मिनिटं वर्गातली जातात, पण ती वाया जात नाहीत, कारण तीच उजळणी असते. काय शिकलो हे सांगता आलं नाही, तर ते शिकलोच नाही, हे मुलांनाही कळतं आणि मलाही.

दुसरा आक्षेप: आपले पालक शिकलेले नाहीत, त्यांना काय कळणार? पालक स्वतःही तेच म्हणतात, "आमाले काय समजते सर, तुमीच पाहा." मलाही हे बरीच वर्षं खरं वाटत होतं. मग सरळव्याजाचा आठवडा आला. चिठ्ठीत प्रश्न होता, घरी कुणी कर्ज घेतलं असेल तर त्याचा दर विचारा आणि वर्षाचं व्याज काढा. सोमवारी एका मुलीने वही आणली. तिची आजी निरक्षर. आजी म्हणाली होती, शेकडा तीन रुपये महिना, वीस हजार. मुलीने मांडलं होतं: महिन्याला 600, वर्षाला 7,200, म्हणजे दसादशे 36. शेजारी तिने बँकेचा पुस्तकातला दर लिहून तुलना केली होती. खाली शेरा होता, "आजी म्हणाली, हे तुह्या बापाले सांग."

त्या आजीला 'मुद्दल' आणि 'दर' शब्द कुणी शिकवले नव्हते, पण व्याज तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. व्यस्त प्रमाण तर इथला प्रत्येक शेतकरी सोंगणीच्या दिवसांत मनात मांडतो. या लोकांना शिकवण्याची गरज नाही. वर्गात सध्या काय चालू आहे, एवढं कळलं की पुढचं ते बघतात.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कमजोरी कळवली तर घरी मार बसतो. हे होतं, मी पाहिलंय. म्हणून दोन नियम पाळतो. ग्रुपवर कुठल्याही मुलाचं नाव नाही, गुण नाहीत, तुलना नाही. आणि एखाद्याचं अडलं असेल तर वेगळं बोलायचं, प्रत्यक्ष किंवा फोनवर, आणि अडचणीसोबत एक काम सांगायचं. "मुलगा गणितात कच्चा आहे" हे वाक्य मारालाच बोलावतं. "त्याला भागाकारात अडतंय, रोज दोन उदाहरणं तुमच्यासमोर बसून सोडवू द्या" हे ऐकल्यावर बापाला करण्यासारखं काहीतरी मिळतं.

सगळ्यात अवघड ओळ

चिठ्ठीतली "अजून जमलं नाही" ही ओळ लिहायला मला सगळ्यात जड गेलं. पालक म्हणतील, मास्तरला शिकवता येत नाही. साहेब म्हणतील, असं लेखी कशाला देता? पहिल्या दोन आठवड्यांत मी ती ओळ गाळलीच होती. मग लक्षात आलं, तीच गाळली तर उरतं काय? पुन्हा फोटो. त्या बापाने मला विचारलं होतं ते नेमकं याच ओळीबद्दल. वर्णनात्मक नोंदींत आपण 'प्रयत्नशील आहे', 'सराव आवश्यक' असं लिहून मोकळे होतो. त्यातून ना मुलाला काही कळतं ना बापाला.

आणि खरं सांगतो, कुणीही मला नाव ठेवलं नाही. उलट एका सोमवारी दोन मुलं अपूर्णांकांची उदाहरणं सोडवून आली. विचारलं तर म्हणाली, गल्लीतल्या दहावीच्या ताईने शिकवलं, आईनेच तिला सांगितलं होतं.

सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. वर्गातल्या काही घरांतून अजूनही वहीवर एक शब्द येत नाही. हंगामात कामासाठी बाहेर गेलेल्या पालकांपर्यंत चिठ्ठी पोचली का, ते कळत नाही. काही मुलं शेरा स्वतःच लिहितात, अक्षर ओळखू येतं. तरी या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी काय अडलंय, ते मी सांगितलं होतं.

ती 'ड' वाली मुलगी आठवीत गेली. मधल्या सुट्टीत आम्ही पाचवीच्या अपूर्णांकांपासून पुन्हा सुरुवात केली. भाकरीचे चार भाग करून, अगदी तिथून. तिचे वडील रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न विचारतात, "सर, या हप्त्यात काय अडलं?" हल्ली मला उत्तर शोधावं लागत नाही.

मित्रांनो, येत्या शनिवारी वीस मिनिटं काढून बघा. ग्रुपवर आधार कार्डाचा मेसेज टाकण्याआधी ही पाच ओळींची चिठ्ठी टाका. आणि "अजून जमलं नाही" ही ओळ गाळू नका.