फुलाची पायरी आणि चित्राची पायरी

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही दोघांनी फुले काढायला शिकायचे ठरवले. आम्ही दोघे म्हणजे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शेजारशेजारच्या टेबलांवर बसून अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासणारे अध्यापक. चाळिशी उलटल्यावर हा उद्योग कशासाठी, असे घरच्यांनी विचारले. विद्यार्थ्यांना आयुष्यभर 'शिका' म्हणणाऱ्या माणसाने अधूनमधून स्वतः नवशिके व्हावे, एवढेच उत्तर तेव्हा आमच्यापाशी होते. जे शिकलो त्याचा संबंध आमच्या वर्गाशी, आणि आमच्या एका चुकीशीही, निघेल असे मात्र वाटले नव्हते. तो संबंध निघाला, म्हणून हा लेख.

आरंभ आम्ही पुस्तकापासून केला. मराठीच्या माणसाला दुसरे काय सुचणार! नवशिक्यांसाठी पायरीपायरीने फुले काढायला शिकवणारे ते पुस्तक होते. पहिल्या चौकटीत एक वर्तुळ, दुसऱ्या चौकटीत त्याभोवती पाच सारख्या पाकळ्या, तिसरीत देठ, चौथीत देठाच्या दोन बाजूंना दोन पाने, पाचवीत यावर शाई. तासाभरात आमचे फूल तयार झाले. फूल दिसते हे कोणीही सांगितले असते. कोणते फूल, हे मात्र आम्हालाही सांगता आले नसते. गुलाब नाही, सदाफुली नाही, तगर नाही. पाच चौकटी प्रामाणिकपणे गिरवून आम्ही जे काढले होते, ते पृथ्वीवर कोठेही उगवत नव्हते.

मग गावातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे दर रविवारी सकाळी जाऊ लागलो. सरांनी पुस्तक चाळले, बाजूला ठेवले आणि अंगणातले एकेरी लाल जास्वंद देठासकट काचेच्या पेल्यात आणून ठेवले. पहिली दहा मिनिटे पेन्सिल हातात घ्यायची नाही. फक्त पाहायचे आणि जे दिसेल ते तोंडाने सांगायचे. आम्ही 'पाच पाकळ्या' म्हणून थांबलो. सरांनी विचारले, 'यातली सर्वांत वरची कोणती?' आम्ही शोधू लागलो आणि गोंधळलो. सर्वांत वरची पाकळी जास्वंदात नसतेच. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली दबलेली असते. पाचही जणी अशा एकमेकींना धरून फेर घालतात. मधला दांडा म्हणजे नुसती काडी नव्हे. ती पुंकेसर जुळून झालेली नळी. तिच्या आतून स्त्रीकेसराचा तंतू जातो आणि टोकाशी पाच फाट्यांनी बाहेर पडतो. देवपूजेच्या तबकात जन्मभर पाहिलेले हे फूल आम्ही कधीच पाहिले नव्हते.

त्यानंतर पायऱ्या आल्या, आणि त्याही भरपूर होत्या. आधी देठापासून फुलाच्या मध्यातून जाणारा अक्ष, अगदी हलक्या पेन्सिलीने. फूल आपल्याकडे पूर्ण वळलेले असेल तरच त्याचा घेर वर्तुळाकार. थोडे कलले की लंबवर्तुळ. घेराचे पाच भाग, पण सारखे नव्हेत, कारण आपल्याकडे आलेली पाकळी आखूड दिसते आणि आडवी पसरलेली लांब. मग मधला दांडा, कारण तो सर्वांच्या पुढे आहे. मग पाकळ्यांच्या फक्त मोकळ्या, वर असलेल्या पाच कडा. त्या झाल्यावर दबलेल्या कडा, ज्या शेजारणीच्या कडेपाशी येऊन थांबतात. दबलेली कड आधी काढली की रेघा एकमेकींना छेदतात आणि फूल पारदर्शक काचेचे झाल्यासारखे दिसते. शेवटी शिरा, पाकळीच्या मुळापासून काठाकडे, वाटेत विरत जाणाऱ्या.

शाईच्या पायऱ्या वेगळ्या. टाक ओढायचा, ढकलायचा नाही. आपल्याकडे ओढताना दाब दिला की निबेची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड होते; उलट ढकलले की टोक कागदाच्या तंतूंत अडकते आणि शिंतोडे उडतात. म्हणून हात वळत नसेल तर कागद वळवायचा. हाताखाली कोरा चिटोरा ठेवायचा, म्हणजे ओली रेघ पुसली जात नाही. छायेच्या रेघा पाकळीच्या वळणाप्रमाणे जायला हव्यात. सरळ मारल्या की पाकळी पुठ्ठ्याची होते. जेथे प्रकाश आहे तेथे काहीच करायचे नाही, कारण पांढरे हे कागदाचेच असते आणि एकदा गेले की परत येत नाही. शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर. घाईने खोडणाऱ्याचे काय होते, हे आम्ही दोघांनीही प्रत्येकी एकेक जास्वंद बळी देऊन पाहिले आहे.

पुस्तकात पाच पायऱ्या होत्या, सरांकडे पंधरा. तेव्हा भेद पायऱ्या असण्या-नसण्याचा नाही. आमच्या मते भेद असा आहे : पुस्तकातली प्रत्येक पायरी मागच्या चौकटीकडे पाहून पुरी करता येत होती, सरांची एकही पायरी पेल्यातल्या फुलाकडे पुन्हा पाहिल्यावाचून पुरी होत नव्हती. एक पायरी चित्रातून निघालेली, दुसरी फुलातून. पहिलीने हात चालतो, दुसरीने डोळा. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून फसगत होते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ठरीव फुलाला आमचा विरोध नाही. आमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत; तेथे वस्तुचित्र वेगळे आणि संकल्पचित्र वेगळे असते. संकल्पचित्रातले फूल आकृतीसाठी जन्मलेले असते. ठिपक्यांच्या रांगोळीतले कमळ, पैठणीच्या पदरावरची आसावली यांना कोणी वनस्पतिशास्त्राचा जाब विचारत नाही, विचारूही नये. तेथे पायरी आकृतीतून निघते आणि आकृतीतच पुरी होते. बिघडते ते, जेव्हा संकल्पचित्राची रीत शिकवून वस्तुचित्र शिकवल्याचा दावा केला जातो.

पायऱ्यांनी फुले शिकवण्याची परंपरा जुनी आणि भारदस्त आहे. चीनमध्ये 'मोहरीच्या दाण्याएवढी बाग' असे नाव लाभलेली चित्रकलेची पोथी १६७९ साली निघाली आणि १७०१ साली तिच्यात ऑर्किड, बांबू, प्लम, शेवंती यांच्या भागांची भर पडली. ऑर्किडची पाती कोणत्या क्रमाने ओढायची तेही ती सांगते. पहिले पाते, मग त्याला छेदणारे दुसरे; दोहोंमध्ये उरलेल्या जागेला फिनिक्स पक्ष्याचा डोळा म्हणतात; तिसरे पाते तो डोळा भेदून जाते. याहून ठरीव काय असेल? आणि तरी तीच पोथी बजावते, की पद्धतीवाचून चालणे वाईट आणि केवळ पद्धतीवर विसंबणे त्याहून वाईट. तेथे कुंचल्याने थेट शाईच उतरते. पण तिच्यामागे शेकडो वेळचा सराव असतो. आमच्या पेन्सिलीचे काम तेथे तो सराव करतो.

दुसरे उदाहरण रस्किनचे. १८५४ पासून तो लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कष्टकरी विद्यार्थ्यांना चित्रकला शिकवत असे. १८५७ साली, म्हणजे मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली त्याच वर्षी, त्याचे 'द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग' हे नवशिक्यांसाठीचे पुस्तक निघाले. त्यातला पहिला धडा ना फुलाचा, ना पानाचा. टाकाने एक लहान चौकोन रेघांनी भरायचा, इतका सारखा की कोठे डाग दिसू नये, कोठे फट राहू नये. कंटाळवाणी पायरी, परंतु तीही पुन्हा पुन्हा पाहायला लावणारी. निसर्ग पाहणे शिकवावे ते चित्र यावे म्हणून नव्हे. चित्र शिकवावे ते माणसाने निसर्गावर प्रेम करावे म्हणून, असा त्याच्या भूमिकेचा आशय आहे. साध्य आणि साधन यांची ही अदलाबदल आम्हाला मोलाची वाटते.

आता आमच्या घराकडे वळू. कवितेचे रसग्रहण आम्ही कसे शिकवतो? कवीचा अल्पपरिचय, मध्यवर्ती कल्पना, आशयसौंदर्य, प्रतिमा व अलंकार, भाषाशैली, समारोप. सहा चौकटी. यातली कोणती चौकट कविता पुन्हा वाचल्याशिवाय भरता येत नाही? खेदाने म्हणावे लागते, की एकही नाही. 'कवीने समर्पक प्रतिमांचा वापर करून आशय प्रभावी केला आहे' हे वाक्य कोणत्याही कवितेवर चिकटते. ते आमच्या त्या पहिल्या फुलासारखे आहे : सर्वत्र शोभणारे आणि कोठेही न उगवणारे.

काही वर्षांपूर्वी अंतर्गत चाचणीत आम्ही एक फुलावरची कविता दिली होती. एका विद्यार्थिनीने जेमतेम पाऊण पान लिहिले. ना परिचय, ना मध्यवर्ती कल्पना. तिचे म्हणणे एवढेच, की या कवितेत फुलाचा रंग कोठेच येत नाही. येतो तो वास आणि वेळ. तेव्हा हे फूल कोणीतरी अंधारात, न पाहता ओळखले असावे. उत्तर तेथेच संपले होते. आमच्यापैकी एकाने समासात लाल शाईने 'मुद्दे नाहीत' असे लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. दुसऱ्याने फेरतपासणीत तेच कायम ठेवले. ती मुलगी पुढच्या चाचणीत सहाही मुद्दे व्यवस्थित लिहू लागली. आम्हाला तेव्हा समाधान वाटले होते.

रविवारच्या त्या अंगणात, सर्वांत वरची पाकळी शोधताना, आम्हाला त्या पाऊण पानाची आठवण झाली. तिने पाकळ्या मोजल्या होत्या. आम्ही चौकटी मोजल्या होत्या.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आमच्या वर्गात बसणारी कितीतरी मुले घरातली पहिलीच शिकणारी असतात. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांना 'मोकळेपणाने लिहा' म्हणणे सोपे; इतरांना तेच वाक्य दार लावून घेतल्यासारखे ऐकू येते. मुद्दे दिले की निदान धरायला काही मिळते, आणि तपासणाऱ्याच्या लहरीपासूनही संरक्षण मिळते. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. 'कला शिकवता येत नाही, ती आतून यावी लागते' असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. तसे म्हणणाऱ्यांना बहुधा कोणीतरी लहानपणीच शिकवलेले असते. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच, की पायऱ्या हव्यात. कोणत्याही पायऱ्या चालतील, असे निघत नाही. उलट, ज्याच्यापाशी शिडीखेरीज काही नाही, त्याला भिंतीवर रंगवलेली शिडी देणे हा अधिक मोठा अन्याय आहे.

मग कवितेच्या बाबतीत फुलातून निघालेल्या पायऱ्या कोणत्या? आम्हाला सुचतात त्या साध्या आहेत. कवितेतली क्रियापदे लिहून काढा. कोण बोलते आणि कोणाशी, ते सांगा. कोणते इंद्रिय काम करते, कोणते स्वस्थ आहे? काळ कोठे बदलतो? काय असायला हवे होते आणि नाही? यातले एकही उत्तर कवितेकडे परतल्यावाचून लिहिता येत नाही; आणि यातल्या एकालाही घरच्या कपाटाची गरज नाही. प्रतिमा, प्रतीक, शैली या संज्ञा नंतर येऊ द्याव्यात, शाईसारख्या. आज आमचा विद्यार्थी थेट शाईपासून आरंभ करतो, तीही दुसऱ्याच्या रेघेवरून. हलक्या हाताने चुकण्याची, खोडण्याची, पुन्हा पाहण्याची पेन्सिल त्याला आम्ही दिलेलीच नाही.

अभ्यासक्रम बदलणे आमच्या हाती नाही. अंतर्गत गुणांचा थोडा भाग आहे. येत्या सत्रापासून आमच्या चाचणीत पहिली वीस मिनिटे फक्त निरीक्षणांची असतील, पेन्सिलीने लिहिलेली, एकही संज्ञा न वापरता. दहापैकी पाच गुण त्यांना. वर्गात शंभर मुले असतात, तपासायला वेळ जास्त लागेल, तक्रारीही येतील. सहकाऱ्यांनी यातल्या उणिवा दाखवल्या तर आम्हाला हव्याच आहेत.

जास्वंद एका दिवसाचे फूल आहे. सकाळी उमललेले संध्याकाळी मिटते, म्हणून 'उरलेले उद्या काढू' असे त्याच्याबाबतीत म्हणता येत नाही; उद्या पेल्यात ठेवायचे ते दुसरे फूल असते. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच गेली. तिचे तीन गुण आता बदलता येत नाहीत, ती शाई वाळली आहे. पुढचा गठ्ठा टेबलावर येईल तेव्हा लाल पेन उचलण्याआधी दहा मिनिटे नुसते पाहायचे, एवढे आम्ही दोघांनी ठरवले आहे.